वरच्या पट्ट्यातली गाठ

वत्सलाला सकाळी टिटवीच्या माळावर काय दिसलं, हे सावरखिंड गावात दुसऱ्या चहाच्या आत सगळ्यांना कळलेलं असतं. पूर्वी ते विहिरीवर कळायचं, आता फोनवर कळतं, एवढाच काय तो फरक. गाईचं दूध काढून झालं की वत्सला माळावर फेरी मारून येते, पडवीच्या पायरीवर टेकते आणि लुगड्यात घुसलेली कुसळं काढत बोलू लागते. तिची सून मनस्वी वाशिंदला एका कारखान्याच्या ऑफिसात कामाला जाते. ती एका हाताने डबा भरते आणि दुसऱ्या हाताने सासूचं बोलणं फोनवर टाकते. गावाने माळ राखीव केला त्या वर्षी हा ग्रुप निघाला. त्याचं नाव 'आज माळावर'. त्यात सगळं गाव आहे, रविवारी कल्याणहून आटगावला उतरून जीपने येणारी दुर्बिणवाली मंडळी आहेत, आणि बाहेरगावी नोकरीला असलेली गावची पोरं आहेत, जी माळावर पाय न ठेवता तिथून अंगठे पाठवत असतात.

आणि कुंडलिक आहे. हा वत्सलाच्या नवऱ्याचा, म्हणजे चंदरचा, चुलतभाऊ. घर शेजारचंच, मधे फक्त एक शेवग्याचं झाड. कुंडलिकच्या हातात फासे लावायची कला होती. घोड्याच्या शेपटीच्या केसाचा फासा तो असा लावायचा, की गवतातलं लावरी पाखरू चालता चालता त्यात पाय अडकवून बसायचं. माळ राखीव झाल्यावर शिकार बंद झाली, आणि आपण फासे कधीच सोडले असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. त्याच्या चुलीवरून अधूनमधून येणारा वास मात्र वेगळीच हकिकत सांगायचा. वत्सलाच्या सांगण्यावरून मनस्वीने काहीही टाकलं, की खाली कुंडलिकचं एकच विचारणं ठरलेलं: 'चवीला कसा?' ससा दिसला, चवीला कसा. धोबी पक्षी आला, चवीला कसा. एकदा तर काजव्यांनाही त्याने हेच विचारलं होतं.

वत्सला त्याला उत्तर देत नसे. तिला रागही यायचा आणि हसूही यायचं, आणि या दोन्हींचं भांडण मिटेपर्यंत मनस्वी फोन घेऊन जीपने निघून गेलेली असायची.

माळ तसा पाहायला गेलं तर काहीच नाही. झाडं विरळ, मधेमधे काळा कातळ, बाकी सगळं गवत. तानशाच्या बाजूला दाट जंगल असताना हा उघडा माळ कशाला राखायचा, असं बाहेरचे लोक विचारतात. त्यांना वत्सला काही समजावत बसत नाही, नुसती बरोबर चला म्हणते. उन्हाळा संपता संपता माळाच्या कडेच्या ऐनांवर नवरंग शिट्टी घालतो, तेव्हा भाताच्या रोपासाठी राब भाजून झालेला असतो. मग डोक्यावर शेंडी मिरवत चातक येतो. श्रावणात कातळावरची मूठभर माती तेरड्याने आणि सोनकीने अशी भरून जाते, की पाय कुठे ठेवावा कळत नाही. भात पिवळं पडायला लागलं की धोबी थेट अंगणात येऊन शेपटी हलवतो, जसा काही भाडं द्यायलाच आलाय. गवतावर अंग टाकून तरंगणारे भोवत्या ससाणे दिवाळीच्या सुमाराला येतात आणि थंडीभर त्याच गवतात झोपतात. होळीला पळसावर भोरड्यांची जत्रा भरते. आणि चैत्रात, जेव्हा माळावर दाखवण्यासारखं म्हणून काही उरत नाही, तेव्हा टिटवी उघड्या खड्यांवर अंडी घालून जवळ येईल त्याला शिव्या देत सुटते. वत्सलाला विचाराल तर कोणता महिना चालू आहे हे ती भिंतीकडे न बघता सांगेल.

पण गावात वत्सलाचा जो मान होता, तो काही पाखरांमुळे नव्हता. तो गाठींमुळे होता.

टिटवीचा माळ सगळ्या गावकीचा. त्याच्या गवताला वाघबारशीआधी, म्हणजे दिवाळी तोंडावर येण्याआधी, विळा लावायचा नाही, ही रीत जुनी. वाघबारशीच्या आदल्या दिवशी एकीने माळावर एकटीने जायचं आणि जेवढी घरं तेवढे पट्टे पाडायचे. दोरी नाही, खुंट्या नाहीत. उभ्या गवताची मूठ धरायची, पीळ द्यायचा, शेंडा आत खोवायचा, की झाली हद्दीची गाठ. दुसऱ्या दिवशी वाघोबाच्या दगडापाशी नारळ फुटला की घराघराने पट्टा निवडायचा. पहिली निवड दरवर्षी वेगळ्या घराची, फिरून फिरून येणारी. गाठी बांधणारीच्या घराने मात्र सगळ्यात शेवटी जे उरेल ते घ्यायचं आणि तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. गाठी बांधणारीला हावरेपणा करायची सोयच नाही अशी ही व्यवस्था, आणि ज्याने कोणी ती काढली तो माणसं चांगली ओळखून असावा.

वत्सलाच्या सासूने, सकुबाईने, हे काम आयुष्यभर केलं आणि हात थरथरू लागले तेव्हा सुनेला माळावर नेऊन शिकवलं. "गाठ बांधताना आपन कुनाच्या घरच्या हाव ते इसरायचं," सकुबाईने सांगितलं होतं. वत्सलाने ते इतकं मनावर घेतलं, की तिच्या गाठीवरून गावात कधी तंटा झाला नाही. वरचा पट्टा कोणी घेत नसे. तिथे खाली कातळ, गवत आखूड आणि काटे फार. तो दरवर्षी उरायचा आणि वत्सलाच्या वाट्याला यायचा. चंदर भारे बांधताना कुरकुरायचा, आणि वत्सला म्हणायची, गाईला काय, ती आपली खाते.

यंदाही ती आदल्या दिवशी सकाळी गेली. खालचे पट्टे पाडून वर आली, शेवटच्या हद्दीकडे निघाली, आणि पायाखालचं गवत तिला जरासं वेगळं वाटलं. वरून कोणीतरी मुडपून छप्पर केल्यासारखं. तिने पाय तसाच वर धरला. वाकून पाहिलं तर आत एक बारकी लावरी अंड्यांवर बसलेली. मातीच्या रंगाची, मुठीत मावेल एवढी. उडाली नाही, हलली नाही, नुसती बघत राहिली. वत्सलाने पाय मागे घेतला. तिला एवढा आनंद झाला की तोंडावर पदर धरून ती तिथेच उकिडवी बसली. माळावर लावऱ्या तिने उडताना पुष्कळ पाहिल्या होत्या, बसलेली पहिलीच.

मग तिने चूक केली. तिला पुढच्या गाठीसाठी चार पावलं जाऊन परत याच वाटेने यायचं होतं, आणि त्या गवतात घरटं पुन्हा ओळखू येणं शक्य नव्हतं. आपलाच पाय पडायचा, या भीतीने तिने घरट्याच्या अंगाला गवताची एक मूठ धरली, पीळ दिला, शेंडा आत खोवला. हाताला जी सवय, ती हाताने केली. पट्ट्याच्या ऐन मधोमध एक गाठ बसली. घरी निघताना ती सोडवायला पाहिजे होती हे तिला कळत होतं. पण वरचा पट्टा कोण घेतोय! तो उद्या आपल्याकडेच येणार, आपण तो मागाहून कापू, आणि तोवर गाठ असलेली बरी, असं म्हणून ती खाली उतरली.

घरी मनस्वी फोन काढून तयार होती. "आई, आज काय?"

"काय नाय. गप्पीदास पाखरं दोन. लिव."

मनस्वीने मान वर करून पाहिलं. सासूचा चेहरा गप्पीदास पाहिल्याचा नव्हता. संध्याकाळी तिने गोठ्यात गाठून विचारलं, तेव्हा वत्सलाने खालच्या आवाजात सगळं सांगितलं. मनस्वीने फोनवर चित्रं दाखवली आणि दोघींनी मिळून ती कुठली लावरी ते ठरवलं. गळ्यावर काळा डाग नव्हता, म्हणजे नर. या जातीत नरच अंड्यांवर बसतो आणि पिलंही तोच वाढवतो. मादी अंडी घालून पुढे निघून जाते.

"बाप्या बसतो?" वत्सला हसता हसता धारेच्या तांब्याला धक्का देऊन बसली. "आनि ती?"

"ती दुसरा संसार मांडते."

"बरी हाय की गो!" मग ती गंभीर झाली. "ग्रुपवर नाय टाकायचं. बाबांना पन नाय सांगायचं. त्यांच्या तोंडात तीळ भिजायचा नाय, आनि तिकडं शेवग्याच्या पल्याड कोन राहतो ते तुला म्हायती."

इतक्या वर्षांत वत्सलाने काहीतरी पाहिलं आणि सांगितलं नाही, असं हे पहिल्यांदाच झालं.

वाघबारशीला वाघोबाच्या दगडाला शेंदूर लागला, नारळ फुटला, गुराख्यांनी आरोळ्या दिल्या. यंदा पहिली निवड कुंडलिकच्या घराची होती. खालचा नाल्याकडचा पट्टा, छातीएवढ्या गवताचा, तोच तो घेणार हे लहान पोरालाही कळत होतं. कुंडलिक मिशीवरून हात फिरवत उभा राहिला, सगळ्यांकडे एकदा पाहून घेतलं आणि म्हणाला, "मला वरचा."

माणसं चाट पडली. कोणी म्हणालं, सकाळीच घेतली काय रे? पण कुंडलिक शांत होता. आदल्या संध्याकाळी तो माळाला सहज चक्कर मारून आला होता, आणि वरच्या पट्ट्याच्या मधोमध वत्सलाच्या हातची गाठ त्याने पाहिली होती. पट्ट्याच्या मधे गाठ नसते. मग ही कशाला? बाईने खूण केली. खूण केली म्हणजे तिथे काहीतरी आहे. आणि आहे म्हणूनच ही बाई वर्षानुवर्षं गप्प राहून तोच पट्टा पदरात पाडून घेते! कुंडलिकला हे गणित सुटलं तेव्हा स्वतःच्याच हुशारीचं कौतुक वाटून रात्री त्याला झोप आली नव्हती.

त्याने ते तिथेच सगळ्यांसमोर बोलून दाखवलं. "वयनीनं मधी गाठ मारलीया. इचारा तिला कशाला मारली."

सगळ्या नजरा वत्सलाकडे वळल्या. तिचे कान तापले. खरं बोलायला तिला एक शब्द पुरला असता. पण तो शब्द ज्याच्या कानात पडणार तो फासेवाला समोर उभा, आणि ज्या पट्ट्यात ती लावरी तो आता त्याचाच. तिच्या डोळ्यांसमोर ते मुठीएवढं पाखरू आलं, न हलता बघणारं.

"मारली खरी," ती म्हणाली. "चुकून नाय, मुद्दाम मारली. का ते आत्ता नाय सांगायची."

असं उत्तर सावरखिंडीत वाघोबासमोर कोणी दिलं नव्हतं. जनाबाई म्हणून गावातली सगळ्यात वयस्क बाई होती, तिने सकुबाईचे दिवस पाहिलेले. तिने फार मोठ्याने नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "सकू असती तर असं झालं नसतं." आणि मग ठरलं, की देवदिवाळीला गाव पुन्हा जमेल तेव्हा पुढच्या वर्षापासून गाठी कोणी बांधायच्या हे बघू. वत्सलाला ते तोंडात मारल्यासारखं लागलं. बाकीच्यांनी पट्टे निवडले. नाल्याकडचा दांडगा पट्टा कुंडलिकने सोडला म्हणजे त्यात काही खोट असेल म्हणून कोणी कोणी सोडला, कोणाला तो लांब पडत होता, आणि फिरत फिरत शेवटी तोच वत्सलाच्या वाट्याला आला. आयुष्यात पहिल्यांदा तिला चांगलं गवत मिळालं आणि ते कापायला हात होईना.

दुसऱ्या दिवशी ती शेवगा ओलांडून गेली. "कुंडलिक भावजी, आपन बदलू. माझा नाल्याकडचा तुमी घ्या, वरचा मला द्या."

कुंडलिकने पाट पुढे सरकवला, चहा मागवला, आणि मान हलवली. नाल्याकडचा देऊन वरचा मागते! आता तर त्याची खात्रीच पटली. "नाय वयनी. देवासमोर मागितला तो मागितला."

"मंग निदान घाईनं कापू नका."

"आजाबात नाय कापत," कुंडलिक म्हणाला, आणि ते मात्र त्याने मनापासून पाळलं.

कारण त्याच्या डोक्यात आता गवत नव्हतंच. शहापुराजवळून मोठा रस्ता गेला तेव्हा कोणाकोणाची पडीक जमीन कशी वर आली, ते सगळ्या तालुक्याने पाहिलेलं. वरच्या पट्ट्यावरूनही तसंच काही जाणार आणि वत्सलाला ते आधी कळलं, म्हणून ही खूण, असं त्याने धरलं. माळ गावकीचा, विकता येत नाही, हे कुंडलिकलाही माहीत होतं. पण मोजणी झाली आणि आपला विळा तिथे असला तर आपला शब्द राहील, असं काहीतरी त्याने मनाशी मांडलं होतं. चहाच्या टपरीवर हे पाझरलं आणि तिसऱ्या दिवशी तिथे रस्त्याचं वळण येतंय, चौथ्या दिवशी पेट्रोल पंप येतोय, अशी प्रगती झाली. चंदर टपरीवरून लाल होऊन घरी आला. "गो, पेट्रोल पंपाचं तुला कोन बोल्लं?"

"कुनी नाय."

"मंग गाठ का मारलीस?"

"देवदिवाळीनंतर सांगन. तवर टपरीवर जाऊ नका."

"टपरीवर नको जाऊ तर पेट्रोल भरायला कुठं जाऊ?" चंदर म्हणाला आणि स्वतःच हसला. तो असाच. त्याचा बायकोवर विश्वास एवढा जुना होता, की तो तपासून बघायचं त्याला सुचायचंच नाही.

सगळ्या गावाचं गवत कापून झालं, भारे उतरले, अंगणाअंगणात गंज्या उभ्या राहिल्या. भुंडा झालेल्या माळावर एकटा वरचा पट्टा तेवढा उभा राहिला, आणि त्याच्या माथ्याला कातळावर, डोक्याला मफलर बांधून, कुंडलिक. सकाळी येऊन बसायचा, दुपारी बायको भाकरी आणून द्यायची, दिवस बुडल्यावर उतरायचा. गाठीला त्याने हात लावला नव्हता. पुरावा होता तो. पट्ट्यात पाऊलही टाकलं नव्हतं, खुणा मोडतील म्हणून. कोणाचं वासरू तिकडे वळलं की धोंडा भिरकावायचा, कुत्रं आलं की आरडायचा, पोरं आली की बापाच्या नावाने हाक मारून परत पाठवायचा.

वत्सला खालच्या वाटेने फेरी मारताना वर बघायची. पहिले काही दिवस त्याच्या हातात फासा तर नाही ना, हे ती निरखायची. मग तिच्या ध्यानात आलं की झालंय काय. ती घरी येऊन मनस्वीला सांगायला लागली आणि हसण्याने तिला बोलता येईना. "अगो, तो राखतोय! तिला त्यो राखतोय!"

"दोन बाप्ये अंड्यांवर," मनस्वी म्हणाली, आणि त्या दिवशी तिची जीप चुकली.

रविवारी पक्षीवाली मंडळी आली. माळभर गवत कुठेच नाही म्हटल्यावर भोवत्या ससाणे संध्याकाळी त्या एकाच उभ्या पट्ट्यावर घिरट्या घालू लागले होते. मंडळींनी तिकाटण्यावरची मोठी दुर्बीण लावली आणि नेमकी वरच्या पट्ट्यावर रोखली. कातळावरून कुंडलिकने ती तीन पायांची वस्तू पाहिली. मोजणी सुरू झाली! तो धापा टाकत खाली आला आणि म्हणाला, "काय मोजताय ते आमाला दाखवा." त्यांनी आनंदाने दाखवलं. कुंडलिकने डोळा लावला. करड्या रंगाचा एक भला थोरला पक्षी पंख पसरून त्याच्याच गवतावरून, अगदी पात्यांना पोट लावून, हळूहळू येत होता. कुंडलिकने डोळा काढला नाही. मागे लोक आपली पाळी यायची वाट बघत उभे राहिले.

त्या रात्री ग्रुपवर भोवत्याचा फोटो आला. खाली कुंडलिकचं 'चवीला कसा' आलं नाही. वत्सलाने मनस्वीला दोनदा विचारून खात्री केली.

आणि मग एका सकाळी, ऊन नुकतं कातळावर चढलेलं असताना, कुंडलिक शेवगा ओलांडून आला. वत्सला अंगणात भात वाळत घालत होती, चंदर खाटेवर. कुंडलिक पडवीच्या पायरीवर बसला आणि मफलरच्या टोकाची गाठ सोडून त्याने एक वस्तू तळहातावर धरली. अंड्याचं अर्धं टरफल. ठिपक्याठिपक्यांचं, बोराएवढं.

"ह्याच्यापायी?" तो म्हणाला.

वत्सला उठून उभी राहिली. "पिलं?"

"चार. शेंगदाण्याएवढाली. बाप पुढं, पोरं मागं. माझ्या चपलेवरून गेली वयनी. चपलेवरून! मी हललो नाय. मुंगी चढली पायाला तरी हललो नाय. ती गेल्यावर मंग गाठीपाशी जाऊन बगितलं, तं हे."

वत्सलाला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही. हातातलं सूप ठेवून तिने पदराने डोळे पुसले.

"मला का नाय सांगितलंस?" कुंडलिक म्हणाला. वत्सलाने नुसतं त्याच्याकडे पाहिलं. कुंडलिकने ते टरफल या तळहातावरून त्या तळहातावर घेतलं. "हां," तो म्हणाला. "खाल्ली असती."

चंदर खाटेवरून उठून बसला होता. आता कुठे त्याला सगळं उलगडलं, आणि तो असा हसत सुटला की गाय गोठ्यात उभी राहिली. "म्हंजे पंप नाय रे कुंडलिक?"

कुंडलिकलाही हसू फुटलं. पण ते लगेच विरलं. वत्सला समजली. देवदिवाळी दोन दिवसांवर आली होती. गावासमोर हे सांगायचं म्हणजे कुंडलिकचं काय होणार, हे उघड होतं. सगळ्यात चांगली निवड सोडून कातळ मागणारा, पेट्रोल पंपासाठी लावरीची अंडी राखणारा म्हणून पोरांनी त्याला जन्मभर सोडलं नसतं. आणि नाही सांगितलं तर वत्सलाच्या हातातून गाठी जाणार होत्या.

"भावजी, मी गावाला सांगन घरटं होतं म्हनून," वत्सला म्हणाली. "तुमचं नाव नाय घेत."

कुंडलिकने टरफल मफलरमधे परत बांधलं आणि शेवगा ओलांडून निघून गेला.

देवदिवाळीला वाघोबापाशी माणसं जमली. जनाबाईने विषय काढला. वत्सला बोलायला उठली, तोच कुंडलिक पुढे झाला. "बस वयनी. ही माझी गोष्ट हाय."

आणि त्याने सांगितली. काहीही गाळलं नाही. गाठ पाहून कसं गणित सुटलं, रात्री झोप कशी आली नाही, मोजणी म्हणून दुर्बिणीला कसा डोळा लावला, सगळं. माणसं आधी खुदखुदू लागली, आणि 'चपलेवरून गेली' म्हटल्यावर एकच स्फोट झाला. "बाप्या अंड्यांवर बसला!" कोणीतरी ओरडलं. कुंडलिक मान खाली घालून उभा राहिला, कानापर्यंत लाल, पण मधेच थांबला नाही. हसू ओसरल्यावर तो म्हणाला, "वयनीनं खूण केली ती हावेनं नाय. आपला पाय पडू नये म्हनून केली. बोलली नाय ती मला भिऊन. तिनं देवासमोर ऐकून घेतलं, पन पाखरू सांगितलं नाय. आता गाठी कोनी बांधायच्या ते तुमी ठरवा."

यावर वत्सला उठली. "चूक माझी पन हाय," ती म्हणाली. "तो पट्टा मला यावा असं माझ्या मनात आलं व्हतं. गाठी बांधनारीच्या मनात तसं येऊ नये. तुमी म्हनाल ते मला कबूल."

सगळे जनाबाईकडे पाहू लागले. जनाबाईने तोंडातली तंबाखू दुसऱ्या गालात सारली. "सकूनं पन एकदा पट्ट्याच्या मधी गाठ मारली व्हती," ती म्हणाली. "टिटवीपायी. मी पायली व्हती. मी बोल्ले नाय कुनाला, ती पन नाय बोलली." आणि नारळाची पहिली शकलं तिने वत्सलाच्या पदरात टाकली. तेवढ्याने निकाल लागला.

एक वर्ष गेलं. नवरंग आला आणि गेला, तेरडा फुलला, धोबी अंगणात येऊन शेपटी हलवू लागला. कुंडलिकचं कौतुक अजून संपलं नव्हतं. त्याला बघून पोरं कोंबडीसारखी बसून दाखवत, आणि तोही धोंडा उचलल्याचं सोंग करी. त्याच्या चुलीवरच्या वासाबद्दल मात्र कोणाला काही ठामपणे सांगता येत नव्हतं. वत्सलाने त्याला कधी विचारलं नाही. विचारलं आणि तो खोटं बोलला तर, एवढीच तिला भीती होती.

वाघबारशीच्या आदल्या सकाळी ती माळावर गेली. खालचे पट्टे पाडत पाडत वर आली, आणि कातळाजवळ थबकली. पट्ट्याच्या मधोमध एक गाठ आधीच मारलेली होती. तिच्या हातची नव्हे, सकुबाईच्या रीतीचीही नव्हे. शेंडा आत खोवलेला नव्हता, तर गोल वळवून त्यातून ओढून घेतलेला होता. धक्का लागला की आवळत जाणारी ती फाशाची गाठ होती. गावात ती एकाच माणसाला येत होती.

वत्सलाने वाकून गवताच्या फटीतून पाहिलं, आणि पाय मागे घेतला. मग त्या गाठीला मोठा वळसा घालून तिने आपलं राहिलेलं काम पुरं केलं.

घरी आली तेव्हा मनस्वी डबा भरत होती. वत्सला पायरीवर टेकली आणि कुसळं काढू लागली.

"आई, आज काय?"

"लिव. वरच्या पट्ट्यात लावरी बसलीया, अंड्यांवर."

मनस्वीचा हात थांबला. "ग्रुपवर टाकू? सगळ्यांना दिसंल."

"दिसू दे. आनि कुनी बगितली ते पन लिव. कुंडलिक भावजींनी."

मनस्वीने ते लिहिलं, डब्याचं झाकण लावलं आणि जीप गाठायला निघाली.